पहिली हत्यारपेटी

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्यवसाय मार्गदर्शन सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्रासाठी मला हा विषय देण्यात आला तेव्हा आमच्या काही सहकाऱ्यांना गंमत वाटली. बी.ए., बी.एड. झालेला, वर्गात इतिहास शिकवणारा माणूस पाने आणि पक्कडींवर काय बोलणार, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्तच आहे. मी मेकॅनिक नाही. मी जुनी गाडी वापरणारा मनुष्य आहे, आणि जुनी गाडी वापरणाऱ्याला हत्यारांची ओळख आपोआप होते. शिवाय असेही आहे की कसलेल्या मेकॅनिकला ही हत्यारे इतकी अंगवळणी पडलेली असतात की नवख्याचे कोठे अडते हे त्याच्या ध्यानात येत नाही. शिक्षकाला मात्र मूल कोठे अडते हे पाहण्याचीच नोकरी असते. तेवढ्या अधिकारावर मी बोलतो आहे.

प्रश्न साधा आहे. घरच्या घरी मोटारीची किरकोळ दुरुस्ती शिकू पाहणाऱ्याने पहिली हत्यारे कोणती घ्यावीत? उत्तर तितके साधे नाही, कारण बाजार या प्रश्नाचे उत्तर फार घाईने देऊन टाकतो. दुकानात गेलात की काचेआडची मोठी प्लास्टिकची पेटी पुढे येते. आत शंभर-सव्वाशे नग, प्रत्येक नग आपापल्या खाचेत आरशासारखा चमकणारा. घरी येऊन पाहावे तर त्यात निम्मे नग स्क्रू ड्रायव्हरची इवलीशी टोके असतात, आणि जो पाना खरोखर लागणार तो पहिल्याच घट्ट नटावर तोंड वासतो. माझे आजचे सारे सांगणे या पेटीच्या विरुद्ध आहे. आधी कामे ठरवा, मग आपल्या गाडीचे नट मोजा, आणि मग थोडी पण टिकाऊ हत्यारे घ्या. आणि या सर्वांच्याही आधी, गाडी अंगावर पडू नये म्हणून जे लागते ते घ्या. त्याविषयी मी पुढे सविस्तर बोलणार आहे.

कामे कोणती, ते पाहू. आपल्या जिल्ह्यात नवी गाडी घेणारे थोडे, दुसऱ्या हाताची घेणारे पुष्कळ. घरात कोणाला दवाखान्यात न्यायचे असते, लग्नसराई असते, शेतमाल नाही तरी खताच्या दोन गोण्या आणायच्या असतात. मंठा, जाफराबाद, घनसावंगी या बाजूच्या खेड्यांत राहणाऱ्याला साधा एअर फिल्टर साफ करायला तालुक्याला जायचे म्हणजे अर्धा दिवस आणि तेवढे पेट्रोल जाते. ज्यांच्या गावचा रस्ता कच्चा आहे त्यांना सांगायला नको की उन्हाळ्यात फिल्टर उघडला तर आतून काळ्या मातीची वाटीभर धूळ निघते. हे काम घरी होते. बॅटरीचे टर्मिनल साफ करणे, बल्ब आणि फ्यूज बदलणे, वायपरची रबरे, ऑइल आणि कूलंटची पातळी पाहणे, टायरची हवा, स्टेपनी बदलणे, पेट्रोल गाडीचे प्लग काढून पाहणे, आणि हात बसल्यावर इंजिन ऑइल बदलणे, एवढी कामे कोणताही नीट लक्ष देणारा माणूस करू शकतो. मुलगीही करू शकते. हल्ली आपल्याकडे बऱ्याच शिक्षिका स्वतः गाडी चालवत शाळेला येतात, आणि पंक्चरच्या वेळी रस्त्यावर उभे राहून कोणाची तरी वाट पाहणे हे काही त्यांच्या नशिबी लिहिलेले नाही.

ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग, एसीचा गॅस आणि इंधनाची नळी, या पाच ठिकाणी मात्र नवख्याने हात घालू नये. ते काम उस्तादाचे. आणि हेही सांगतो की मी उस्तादांच्या पोटावर पाय देण्यासाठी उभा राहिलेलो नाही. समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरचा चुलाच गॅरेजवर चालतो. ज्या गिऱ्हाइकाने स्वतः एकदा प्लग काढला आहे ते गिऱ्हाईक मजुरीवरून हुज्जत कमी घालते, कारण जाम झालेल्या नटामागे किती घाम जातो हे त्याला कळलेले असते.

आता हत्यारांकडे वळू. पान्यांवर जे आकडे कोरलेले असतात ते काय आहेत, हे ठाऊक नसताना खरेदी करणे म्हणजे पायाचे माप न देता जोडे आणण्यासारखे आहे. पान्यावरचा आकडा म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर. बोल्टच्या दांड्याची जाडी ही वेगळी गोष्ट. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके १० चे असते, आणि हे माप जपानी व युरोपी दोन्ही पद्धतींत एकच आहे. मोटारीत ६ मिलिमीटरचे बोल्ट सर्वांत जास्त, म्हणून १० चा पाना सर्वांत जास्त लागतो आणि सर्वांत जास्त हरवतोही. यापुढे मात्र वाटा फुटतात. ८ मिलिमीटरच्या बोल्टचे डोके जपानी पद्धतीत १२ चे, युरोपी पद्धतीत १३ चे. १० मिलिमीटरच्या बोल्टला जपानी गाडीत १४ लागतो, युरोपी पद्धतीच्या गाडीत १६ किंवा १७. सुझुकीच्या सहकार्याने निघालेली मारुती ८०० ही १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि तिच्याबरोबर १०, १२, १४, १७ ही मालिका आपल्या घराघरांत आली. टाटा, महिंद्रा, स्कोडा यांच्या गाड्यांत १३ आणि १६-१७ बहुधा अधिक भेटतात. म्हणून शेजाऱ्याची यादी आपल्या उपयोगाची नाही. आपल्या गाडीचे बॉनेट उघडा, एखाद्याचा पान्यांचा संच तासभर मागून आणा, आणि बॅटरीचा नट कितीचा, फिल्टरच्या डब्याचा कितीचा, प्लग कितीचा, ऑइलच्या टाकीखालचा बूच कितीचा, चाकाचा कितीचा हे वहीत लिहून काढा. चाकाचा नट काही गाड्यांत १७, काहींत १९, काहींत २१. एका पानात मावणारी ही यादी म्हणजे तुमची खरेदीची चिठ्ठी.

जुन्या उस्तादांच्या पेटीत तुम्हाला इंचाचे पानेही दिसतील. अॅम्बॅसिडर आणि जुन्या जीप यांचे नट इंचाच्या मापाचे होते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो खरा, पण सैल बसतो, आणि सैल पाना नटाचे कोपरे झिजवून तो गोल करून टाकतो. पाऊण इंच आणि १९ यांत मात्र जेमतेम अर्ध्या दशांशाचा फरक आहे, तिथे चालून जाते. अॅम्बॅसिडर २०१४ साली बंद झाली, तेव्हा नवख्याने इंचाचे पाने घेण्याचे कारण उरलेले नाही. भंगारात स्वस्त मिळाले म्हणून मिसळून ठेवू नयेत, एवढेच. माप वाचल्याशिवाय हाताला लागेल तो पाना लावण्याची सवय अशा मिसळलेल्या पेटीतून लागते.

आता पोलादाविषयी. जालन्याच्या माणसाला पोलादाबद्दल सांगणे म्हणजे सोनाराला सोने दाखवण्यासारखे आहे. जालना सोने का पालना ही म्हण जुनी, आजचे जालना सळईचे. आपल्याकडच्या भट्ट्यांत भंगार वितळते, रोलिंग मिलमधून इमारतीची सळई निघते आणि ती राज्यभर जाते. परंतु पुष्कळांचा असा समज असतो की लोखंड ते लोखंड. तसे नाही. इमारतीच्या सळईचा गुण असा की ताण आला तर ती तुटण्याआधी लांबते, वाकते. वाकणे हा तिचा गुण आहे. पान्याच्या बाबतीत वाकणे हा सर्वांत मोठा दोष. त्याचे तोंड केसभर जरी उघडले तरी तो फुकट गेला. म्हणून चांगल्या पान्याच्या पोलादात क्रोमियम आणि व्हॅनेडियम हे धातू थोड्या प्रमाणात घालतात, तापवून घणाखाली त्याला आकार देतात आणि मग त्याला पाणी देतात. लोहार विळ्याला पाणी देतो तेच हे, फक्त कारखान्यातल्या मोजमापाने. आणि पाणी दिल्यावर पुन्हा बेताने तापवतात, नाही तर तो काचेसारखा तडकेल.

या ठिकाणी एक फसवणूक होते. पान्यावरची चकाकी म्हणजे क्रोमचा मुलामा. तो कोणत्याही मऊ लोखंडावर चढवता येतो. पोटात क्रोम-व्हॅनेडियम असणे वेगळे आणि अंगावर क्रोम असणे वेगळे. दुकानात हे कसे ओळखावे? खिशात त्या मापाचा एक नवा बोल्ट घेऊन जा. पाना त्यावर न अडखळता बसला पाहिजे आणि बसल्यावर खडखडता कामा नये. तोंडाच्या दोन्ही बाजू समांतर आहेत का ते उजेडासमोर धरून पाहा. कंपनीचे नाव आणि माप ठसठशीत उठलेले असावे; नकली मालावर अक्षरे बहुधा पुसट आणि वेडीवाकडी असतात. भरवशाची हत्यारे आपल्या देशात तयार होतात. पंजाबातले जालंधर आणि लुधियाना यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि आपल्या महाराष्ट्रात नाशिकला टपारियाचा कारखाना आहे. मी कोणाची जाहिरात करत नाही. ज्या नावाचा माल दुकानदार पावतीवर लिहून देतो तो घ्यावा, एवढाच माझा आग्रह.

पाने तीन तऱ्हेचे. दोन तोंडांचा उघडा पाना, रिंग पाना आणि गोटी. बाजारात उघड्या पान्यांचा आठ नगांचा संच ६-७ पासून २०-२२ पर्यंत मिळतो. नवखा तोच आधी घेतो, कारण तो ओळखीचा दिसतो. माझे मत थोडे वेगळे आहे. उघडा पाना नटाला फक्त दोन बाजूंनी धरतो, रिंग चोहोबाजूंनी धरते. घट्ट नट सोडवताना रिंग लावावी आणि तो सैल झाल्यावर भराभर फिरवायला उघडा पाना घ्यावा. म्हणून एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडे तोंड असलेले पाने मिळतात, ते तुमच्या यादीतल्या पाच-सहा मापांचे सुटे घ्या. सुटे घेतले तर न लागणाऱ्या मापांचे पैसे वाचतात आणि त्याच पैशात वरच्या दर्जाचा माल येतो. गोट्या आणि रॅचेटचा छोटा संच नंतर घ्यावा. गोटी घेताना आतून बारा कोपऱ्यांची न घेता सहा कोपऱ्यांची घ्यावी. सहा कोपऱ्यांची गोटी नटाच्या सपाट बाजूवर जोर देते, म्हणून गंजलेला, अर्धवट झिजलेला नटही निघतो. प्लगसाठी आत रबर असलेली खोल गोटी किंवा प्लग पाना लागतो, आणि तो तुमच्या प्लगच्याच मापाचा. मागेपुढे होणारा, स्क्रूने माप बदलणारा पाना नळाच्या कामाला ठीक आहे, गाडीच्या नटावर तो उस्ताद लोक लावू देत नाहीत, आणि ते बरोबर करतात.

बाकीचे झटकन सांगतो. स्क्रू ड्रायव्हर चार पुरेत, चपटे दोन आणि फुलीचे, ज्यांना बाजारात स्टार म्हणतात, ते दोन. फुलीचे टोक खाचेत पूर्ण बसत नसेल तर जोर लावू नये, खाच गेली की स्क्रू कायमचा गेला. पक्कड एक साधी, एक लांब चोचीची, पण पक्कडीने नट पिळायचा नाही. हातोडी मध्यम. तारेचा ब्रश, गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक डबा, चिंध्या, आणि डोक्याला बांधायची एक बॅटरी, कारण दुसऱ्या हाताने टॉर्च धरून काम होत नाही आणि घरातले मूल दोन मिनिटांत कंटाळून टॉर्च भलतीकडे वळवते.

आता ज्या गोष्टीसाठी मी आजचे निमंत्रण स्वीकारले तिच्याकडे येतो. गाडीबरोबर डिकीत जो जॅक येतो तो चाक बदलण्यासाठी असतो. फक्त चाक बदलण्यासाठी. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. लहानात लहान मोटार ६५०-७०० किलोची, आणि हल्लीच्या उंच गाड्या दीड टनाच्या वर जातात. कात्रीच्या आकाराचा जॅक एका बोल्टवर उभा असतो, आणि तेलाचा जॅक आतल्या रबरी सीलवर. सील कधी गळेल हे कोणी सांगू शकत नाही. जॅकवर गाडी चढवून खाली शिरणारी पोरे मी आपल्याच गावात पाहतो, आणि हात-पाय अडकला तर ओरडायलाही वेळ मिळणार नाही हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

म्हणून ज्याला गाडीखाली वाकून एक बूच जरी सोडायचा असेल त्याने आधी दोन स्टँड घ्यावेत. गॅरेजमध्ये त्यांना घोडी म्हणतात. तीन पायांवर उभी, मधल्या दांड्याला दाते आणि खाली अडसर. तिच्यावर किती टन ते लिहिलेले असते. दोन किंवा तीन टनांची जोडी घरच्या गाडीला पुरते. घोडी गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावावी, पत्र्याला लावली तर पत्रा चेपतो आणि गाडी घसरते. विटा लावू नयेत. भाजलेली वीट वरच्या वजनाने आधी काहीच सांगत नाही आणि एकदम फुटते. सिमेंटचा पोकळ ठोकळा तर त्याहून वाईट.

दुसरे, आपली जमीन. आपल्याकडची काळी माती कोरडी असते तेव्हा दगडासारखी वाटते, पण तिच्यात भेगा असतात, आणि पावसाळ्यात तिच्यात जॅक असा बुडतो की चाकाऐवजी जॅकच खाली जातो. हत्यारपेटीबरोबर एक-दीड फूट लांब-रुंद, दोन इंच जाडीची जाड लाकडी फळी ठेवावी. सुतार उरलेल्या लाकडातून करून देतो. ती जॅकखाली ठेवायची. घोडी लावताना मात्र फरशी किंवा सिमेंटची जागा शोधावी. अंगण मातीचे असेल तर ते काम अंगणात करूच नये.

तिसरे, चाकाला ठोकळे. पुष्कळांची समजूत असते की हँडब्रेक ओढला म्हणजे झाले. बहुतेक मोटारींत हँडब्रेक मागच्या दोन चाकांनाच धरतो. मागचे एक चाक वर उचलले की जमिनीवर धरून ठेवणारे एकच चाक उरते. म्हणून मागची बाजू उचलताना पुढच्या चाकांना, पुढची उचलताना मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. गाडी गिअरमध्ये ठेवावी. चाकाचे नट आधी, टायर जमिनीवर असतानाच, अर्धा फेर सैल करून घ्यावेत. गाडी वर चढवून मग पान्याला हिसके दिले तर ती जॅकवरून निसटते. काढलेले चाक किंवा स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवावी. घोडी घसरलीच तर तेवढी जागा तरी वाचते. आणि घोडीवर ठेवल्यावर गाडीला हाताने एक हलका धक्का देऊन पाहावे. हलणार असेल तर आपण खाली नसताना हलू द्यावी. ही दोन घोड्या, फळी आणि ठोकळे यांची खरेदी चमकदार नाही. शेजाऱ्याला दाखवण्यासारखे तिच्यात काही नाही. तरी माझ्या यादीत तिचा क्रमांक पान्यांच्या आधी लागतो. पैसे एवढेच असतील तर गाडीखालचे काम उस्तादाकडून करून घ्यावे आणि पान्यांपुरती वरची कामे घरी करावीत.

घट्ट किती करावे, हाही नवख्याचा गोंधळ. आपल्याकडे रीत अशी की सोडताना पान्यात पाइप घालायचा आणि लावताना पान्यावर उभे राहायचे. जरा हिशेब करून पाहा. हे गणित आठवीच्या मुलालाही येते. लहान मोटारीच्या चाकाचे नट साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटर इतके आवळायचे असतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. १०० धरा. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ३४ किलोचा भार दिला की १०० न्यूटन-मीटर होतात. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला तर दुपटीहून जास्त. मग आटे ताणले जातात, आणि पुढच्या पंक्चरला घरची बाई किंवा म्हातारा माणूस तो नट सोडवू शकत नाही. हाताने, उभे राहून, अंगाचा भार न टाकता आवळावे, नट एकाआड एक समोरासमोरचे घ्यावेत आणि ५०-१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाहावेत. नेमके मोजून आवळणारा टॉर्क पाना मिळतो; तो महाग आहे, पण चार घरांत मिळून एक घेता येतो, जशी पूर्वी गल्लीत एक शिडी असे. प्लग आवळताना तर फार जपावे. इंजिनचे डोके अॅल्युमिनियमचे आणि प्लग पोलादाचा. आधी बोटांनी फिरवत न्यावा आणि तो सहज जात असेल तरच पाना लावावा. वाकडा बसलेला प्लग जोराने फिरवला की आटे मारले जातात आणि मग खरेच मोठा खर्च येतो.

विजेच्या कामाला एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. आपल्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर जातात, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे, पण बॅटरी गेली की नुसते टर्मिनल खराब झाले हे कळत नाही आणि नवी बॅटरी घेतली जाते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मीटर लावून पाहा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसले पाहिजे. तेवढे नसेल तर दोष बॅटरीचा नसून चार्जिंगचा. टर्मिनलवर जमलेला पांढरा-हिरवा क्षार कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून निघतो. टर्मिनल सोडताना आधी वजा, म्हणजे ऋण बाजूचे सोडावे, लावताना ते शेवटी लावावे. कारण अधिक बाजूवर पाना असताना तो चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते आणि पाना जागीच चिकटतो. हातातली अंगठी आणि घड्याळ आधी काढून ठेवावे.

टायरसाठी हवेचा मीटर आपला स्वतःचा असावा. ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि सर्वांत कमी घरांत सापडणारी. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग सुरू झाला, आणि तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातली माणसे ज्या गाडीने काल बदनापूरच्या बाजाराला गेली त्याच गाडीने आज मोकळ्या काँक्रीटवर तासाला १२० किलोमीटरपर्यंत जाऊ लागली. गाडी तीच, टायर तेच, हवा बहुधा अंदाजाने भरलेली. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला दुमडते आणि तापते, आणि तापलेला टायर वेगात फुटतो. किती हवा हवी हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असते. टायर गार असताना, घरून निघण्यापूर्वी मोजावी. १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंप आणि ट्यूबलेस टायरच्या पंक्चरचा संच यांचीही सवय करून घ्यावी, कारण जुलै २०२० मध्ये नियम बदलला. हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच दिलेल्या मोटारींना स्टेपनी नसली तरी चालते. दुसऱ्या हाताची गाडी घेणाऱ्याने डिकी उघडून स्टेपनी आणि जॅक आहेत का हे आधी पाहावे.

संगणकावर चालणाऱ्या नव्या गाड्यांविषयी मला नेहमी विचारतात. स्टीअरिंगखालच्या खाचेत लावून दोषाचा आकडा दाखवणारे छोटे यंत्र मिळते. मोबाइलवर आकडा दिसतो, आणि तो दिसला की लोक तोच भाग बदलायला निघतात. आकडा फक्त तक्रार कोणत्या खोलीतून येते ते सांगतो, तक्रार कोणाची ते सांगत नाही. हे यंत्र दुसऱ्या वर्षी घ्यावे. विजेवर चालणाऱ्या मोटारीत नारिंगी रंगाची तार दिसली तर तिला हात लावू नये, एवढेच आज पुरे.

शेवटी, गॅरेजमध्ये शागिर्द म्हणून लागणार असलेल्या मुलांसाठी दोन शब्द. तुमच्या उस्तादाची पेटी पाहून दडपून जाऊ नका. ती एका दिवसात भरलेली नाही. तिच्यातला प्रत्येक नग एखाद्या कामाने मागितला म्हणून आलेला आहे. तुम्हीही पहिल्या पगारातून १०, १२, १४ हे तीन पाने घ्या, पुढचा नग पुढच्या कामाला. जुन्या बाजारात घण खाल्लेले जुने पाने मिळतात, तोंड शाबूत असेल तर नव्या हलक्या मालापेक्षा ते बरे. प्रत्येक नगावर आपल्या रंगाचा एक पट्टा ओढा, म्हणजे गॅरेजमध्ये भांडण होत नाही. पेटीपेक्षा जाड कापडाची खिसे शिवलेली गुंडाळी बरी. काम संपल्यावर रिकामा खिसा लगेच दिसतो आणि इंजिनात पाना विसरून राहत नाही. आईकडून जुन्या जीनच्या कापडाची शिवून घेता येते. आणि काढलेले काळे ऑइल कुंडलिकेत किंवा गटारात ओतू नका, डब्यात भरून ते गॅरेजमार्फत परवानाधारक गोळा करणाऱ्याकडेच जाऊ द्या.

व्यासपीठाशेजारच्या टेबलावर माझ्या घरची गुंडाळी उलगडून ठेवली आहे. जवळच बाकाच्या पकडीत एक १२ चा बोल्ट घट्ट बसवला आहे आणि १२ चे दोन पाने ठेवले आहेत, एक चकचकीत आणि एक मळका. दोन्ही लावून पाहा आणि तोंड कोणाचे उघडते ते आपल्याच डोळ्यांनी बघा. बोल्ट वाया गेला तरी हरकत नाही, मी सहा आणले आहेत. आधी मुलींनी यावे, मग आठवी-नववीने, आणि गर्दी करू नये.